ढिल्या विड्यांची जुडी

आई तोंड मिटून हसायची. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका तशा हसायच्या. मांडीवर विड्या वळायचं सूप, सुपात तंबाखूचा चुरा, आणि हसायला तोंड उघडलं की चुरा घशात जाऊन ठसका लागायचा. त्यामुळे कोणी काही गमतीचं बोललं की ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी आणि खांदे गदागदा हलतायत, असं ते हसणं. मला वाटायचं मोठ्या बायका अशाच हसतात. शाळेत आमच्या बाई एकदा वर्गात खळखळून हसल्या, तेव्हा मी घरी येऊन आईला सांगितलं होतं की आमच्या बाईंना अजून नीट हसता येत नाही.

आमचं घर म्हणजे पुढे एक खोली, मागे एक खोली आणि मध्ये पडदा. अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर होते. दिवसभर मागांच्या धडधडाटात राहून त्यांना हळू बोलणं जमेनासं झालं होतं. मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून मीठ येईल इतक्या जोरात मागायचे. कारखाना आठवडा चालू, आठवडा बंद. बंद असला की ते दारात बसून रस्त्याकडे बघत राहायचे. घर चालायचं ते आईच्या कात्रीवर. पहाटे डोळे उघडायच्या आधी मला कात्रीचा आवाज ऐकू यायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली पानं पत्र्याच्या मापावर धरून कापायचा. भाकरीला, शेंगाचटणीला, माझ्या वेणीला, सगळ्याला तंबाखूचा वास. आज कोणी मला विचारलं की लहानपणाचा वास कुठला, तर मोगरा वगैरे मी सांगू शकत नाही.

आई मूळची वैरागकडची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला खुरपं धरता येत होतं, विडी नव्हे. ती शिकवली जैनबीखालाने. खालाचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. अंगाने भरपूर, आवाजाने त्याहून भरपूर, आणि नवरा ट्रकवर असल्याने महिन्यातले बरेच दिवस ती आमच्याकडेच सूप घेऊन बसलेली. शिकवणारीपेक्षा शिकणारीचा हात सरस निघाला. काही वर्षांतच आमच्या विडी कारखान्याच्या शाखेत आईसारखी विडी दुसऱ्या कोणाची नाही असं सगळे म्हणू लागले. सारखी जाड, तोंड घट्ट दुमडलेलं, दोरा नेमका जिथे हवा तिथे. नव्या सुनांना त्यांच्या सासवा आईशेजारी आणून बसवायच्या, नुसतं बघायला. आईला या गोष्टीचा फार अभिमान होता. तिच्याकडे दुसरं अभिमान धरण्यासारखं काही नव्हतंही.

त्या वर्षी नवी पेठेच्या पलीकडच्या थिएटरात एक सिनेमा लागला होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी खाला आम्हाला ओढून घेऊन गेली. आम्ही बसलो तशी पुढची दोन माणसं नाकाला रुमाल लावून दुसरीकडे जाऊन बसली. खाला म्हणाली, बरं झालं, आता पडदा नीट दिसतो. सिनेमा अगदी फालतू होता. एक जाड्या आणि एक बारक्या, दोघे चोर. सराफाच्या दुकानातून हार चोरतात, पळताना एका लग्नाच्या मांडवात शिरतात आणि हार लाडवाच्या पिठात लपवतात. मग लाडू वळले जातात आणि वाटलेही जातात. हे दोघे पाहुण्यांच्या हातातले लाडू हिसकावत सुटतात. हवालदार घसरतो, सासरा आचाऱ्याच्या कढईवर बसतो, असलं सगळं. शेवटाकडे बारक्या निसटलेला असतो, मांडवाच्या बाहेर पोचलेला. मागे वळून बघतो तर जाड्या लाडवांच्या परातीत पडलाय आणि हवालदार त्याची कॉलर धरायला निघालाय. तर हा शहाणा परत येतो, धावत, आणि जाड्याच्याच अंगावर आपटतो. मग हवालदार दोघांवर.

तिथे आई हसली, तोंड उघडून. मांडीवर सूप नव्हतं, तंबाखू नव्हती, अंधारात बघणारं कोणी नव्हतं. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला आणि पडदा सोडून तिच्याकडेच बघत राहिले. घरी येताना मी वाद घातला की बारक्या मूर्ख होता, सुटला होता तर पळून जायचं. आईला परत आठवून हसू येत होतं. पुढे कित्येक दिवस विड्या वळता वळता दोघींचं तेच चालायचं. खाला बसल्या जागी जाड्यासारखी डुलायची आणि आई ओठ मिटून थरथरायची. आता माझा नातू मोबाईलवर अशीच काहीतरी पडापड बघत असतो आणि त्याची आई त्याला म्हणते, यात काय ठेवलंय. त्या दोघी दिवसभर ज्या भीतीत बसायच्या तीच भीती तिथे पडद्यावर उलटीपालटी पडत होती, आणि पडून कोणाला लागत नव्हतं. हे सुनेला कसं समजवायचं, मला अजून जमलेलं नाही.

ती भीती म्हणजे कार्ड जाण्याची. विडी कामगार म्हणून नाव लागलं की कार्ड मिळायचं. कार्डावर पान-तंबाखू मिळायची, दवाखाना मिळायचा, माझी शिष्यवृत्ती त्यावरच होती. आणि कार्ड ज्या बाईचं तिच्याच हातची विडी असली पाहिजे, हा तिथला नियम. दुसऱ्याचा हात लागलेला सापडला, किंवा बाईचा हात गेला, तिला आता नीट वळता येत नाही असं ठरलं, की नाव कापायचे. तसे प्रत्येक घरात लेकी हात लावतच होत्या, पण सापडायचं नसतं. सिनेमा बघून आल्यावर थोड्याच दिवसांत आई तापाने पडली. अंगावर गोधडी घेऊनही वळायला बसायची, पण बोटं चालेनात. राहिलेली जुडी मी पुरी केली. जीव ओतून वळल्या होत्या मी त्या विड्या, पण माझा हात ढिला. तोंडं उघडी राहायची, दोरा घसरायचा. आईने ती जुडी खाली घातली, वर आपल्या चांगल्या ठेवल्या आणि शाखेत नेऊन दिल्या.

चेकर नवा आला होता. जुना चेकर विड्या बघून वाईट तेवढ्या बाजूला फेकायचा, त्याला आमच्याकडे छाट म्हणतात. बायका हळहळायच्या आणि घरी यायच्या. हा नवा खालची जुडी आधी उचलायचा. त्याने माझी जुडी हातात घेतली, एक विडी दोन बोटांत फिरवली, आईकडे बघितलं आणि छाटात न फेकता मागच्या फळीवर, गोणपाटाच्या पडद्याआड ठेवून दिली. एवढ्या चांगल्या हाताच्या बाईची जुडी अशी कशी, ते परवा मॅनेजर आले की त्यांनाच विचारू, असं म्हणाला. आई घरी आली तेव्हा ताप उतरलेला होता पण चेहरा पांढरा होता. अण्णांना सांगायचं नाही असं तिने मला बजावलं. अण्णांच्या आवाजात ती बातमी पार चौकापर्यंत गेली असती.

खाला ऐकून घेत होती आणि हातातली विडी वळत होती. मग तिने ती सुपात टाकली आणि म्हणाली, "जुडीच न्हाई मिली तो मॅनेजर क्या देखता? उचल के लाने का."

आई म्हणाली, "येडी हायस का? धरलं मंजी?"

"गिरने का काम मेरेकू दे. मैं गिरी तो आवाज बी होता की."

मला वाटलं होतं आई तिला गप्प करील. पण आईने माझ्याकडे बघितलं आणि खालाला विचारलं की फळी चेकरच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या. सिनेमात चोऱ्या बघून हसणारी माणसं घरी येऊन खरोखर चोरी ठरवतात, आणि तीही माझी आई, जी भाजीवाल्याने जास्तीची कोथिंबीर टाकली तर परत द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी शाखेत. नेहमीसारखी बायकांची रांग, टोपल्या, पोरांची रडारड. माझं काम दारात उभं राहून शाखेचा शिपाई येतो का ते बघायचं. खालाची पाळी आली. ती उठली, दोन पावलं गेली, कपाळाला हात लावला आणि भिजलेल्या पानांच्या गोण्यांवर अशी काही कोसळली की वरची गोणी सुटून पानं सगळीकडे झाली. बायका धावल्या. पाणी आणायला निघालेली एक जण पानांवरून घसरून चेकरच्या गुडघ्याला धडकली. चेकर जागा सोडून खालाकडे आला. मी बघत होते आणि मला जरासुद्धा हसू येत नव्हतं. पडद्यावर जसंच्या तसं हेच बघून मी पोट धरून हसले होते. आई फळीकडे सरकली. पडद्याआड बघायला वेळ नव्हता. तिने नुसता हात घातला आणि बोटांनी चाचपलं. कुठल्या जुडीची तोंडं ढिली आहेत हे तिच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त कळायचं. ढिली जुडी लागली, ती तिने ओढली आणि टोपलीत ओल्या फडक्याखाली घातली. ओढताना फळीवरचं बाकीचं सगळं आतल्या आत लवंडलं, त्याचा आवाज मला दारापर्यंत आला. पण खाला तेवढ्यात मोठ्याने कण्हली.

घरी येताना पळायचं नाही असं ठरलेलं होतं, कारण सिनेमात पळाल्यामुळेच संशय आला होता. त्यामुळे आम्ही इतक्या सावकाश चाललो की ओळखीच्या बायका थांबून विचारू लागल्या, पायाला काय झालंय. दार लावून घेतलं, आईने फडकं उघडलं, जुडी सोडली आणि एक विडी बोटांत फिरवली. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली.

"ह्या रेखीच्या न्हाईत," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

विड्या ढिल्याच होत्या, अगदी माझ्यासारख्या. पण तोंड दुमडायची पद्धत जुनी होती, आधी आत आणि मग बाहेर. तसं आमच्या शाखेत एकच बाई दुमडायची, सत्तव्वा. ही सत्तव्वा अक्कलकोटकडची, एकटी राहणारी, शाखा सुरू झाली तेव्हापासूनची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलेला होता आणि ऑपरेशन विडी कामगारांच्या दवाखान्यात कार्डावर व्हायचं ठरलं होतं. चेकरने तिचीही जुडी बाजूला काढून ठेवली होती आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हातारपणी हात पुन्हा पोराचा होतो, हे आईच्या बोटांना कोणी सांगितलेलं नव्हतं. माझी जुडी तिथेच फळीवर राहिली होती.

परत ठेवायला जाणं शक्य नव्हतं, आणि ठेवून सत्तव्वाला खड्ड्यात घालायचं हेही आईला जमणारं नव्हतं. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, म्हातारी तरी सुटली. जुडी चुलीत घातली. घरभर असा धूर झाला की अण्णा दारात येऊन गरजले, कोण एवढ्या विड्या ओढतंय म्हणून. जेवताना आई माझ्या ताटात वाढत राहिली आणि मी खात राहिले, दोघींनाही काय खातोय ते कळत नव्हतं. शाळा सुटणार हे मी मनाशी धरून चालले होते. वह्यांची कोरी पानं कुणाला द्यायची याचासुद्धा विचार करून ठेवला होता.

मॅनेजर आले ते टेबलाशी बसलेच नाहीत, उभ्यानेच सगळं बघत होते. चेकरचीही पंचाईत झालेली होती. त्याने दोन जुड्या ठेवल्या होत्या, कुठली कोणाची हे त्याच्या डोक्यात. आता एकच होती, तीही फळीवर लवंडलेली. चोरी झाली म्हणावं तर राखण कोणाची होती असं निघणार. त्याने मॅनेजरसमोर ती जुडी ठेवली आणि सांगितलं की ही दोघींपैकी एकीची आहे, आणि आईचं आणि सत्तव्वाचं नाव घेतलं. सत्तव्वा काठी टेकत पुढे आली. तिला ते नीट दिसत नव्हतं, पण जुडी हातात घेऊन ती चाचपू लागली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला त्या आपल्याच वाटतायत.

मॅनेजर म्हणाले, यात विचारायचं काय, दोघींना इथेच बसवा, एकाच गोणीतलं पान द्या, हात आपोआप दिसेल. आईला काहीच करायचं नव्हतं. रोज वळते तशी विडी वळायची, बस. तिची विडी घट्ट निघाली की ती जुडी सत्तव्वाची ठरणार. आम्ही सुटलो होतो. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खाली बघितलं, आणि खाली सत्तव्वाचे हात दिसले. पान धरतानाच थरथरत होते.

दोघी बसल्या. आईने पान कापलं, तंबाखू घातली, वळली, आणि विडी सुपात टाकली. ती विडी माझ्या विडीसारखी होती. मला वाटलं घाबरली. दुसरी त्याहून वाईट. तिसरीचा दोरा तिने बांधला आणि तो घसरून नखावर आला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले होते आणि नजर सुपात. सुटलेली होती ती, मांडवाच्या बाहेर पोचलेली. आणि ती परत येऊन त्या म्हातारीच्या अंगावर पडत होती, सगळ्यांच्या देखत, ज्या हाताचा तिला एवढा अभिमान होता तोच हात घेऊन. माझ्या शेजारी जैनबीखाला तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता दोघींचीही कार्डं जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी ओरडणार होते की आईला चांगली वळता येते. खालाने माझं मनगट धरलं, ते दुखेपर्यंत सोडलं नाही.

मॅनेजरांनी आईची विडी उचलली. ती तिथल्या तिथे उलगडली आणि तंबाखू त्यांच्या पॅंटवर सांडली. त्यांनी ती झटकली नाही. चेकरला विचारलं, "शाखेतला सगळ्यात चांगला हात हाच ना?"

चेकर म्हणाला, "होय साहेब, पण ही मुद्दाम..."

"कार्ड जाईल असं समोर असताना मुद्दाम वाईट कोण वळतं?" मॅनेजरांनी सुपातलं पान घेऊन चुरगळलं, उजेडात धरलं, पुन्हा चुरगळलं. "हिच्या हातून अशी निघते म्हणजे पानच वाईट आहे. ही गोण परत पाठवा." आणि माझी ती जुडी उचलून त्यांनी छाटात फेकली.

पान अगदी चांगलं होतं. बायकांना सगळ्यांना कळत होतं आणि एकही जण बोलली नाही. सत्तव्वाचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं. चेकरने मात्र डूख धरला. पुढे कितीतरी महिने तो आईच्या चांगल्या विड्याही छाटात फेकत राहिला. आणि नव्या सुनांना आईशेजारी बसवणं बंद झालं. बायकांना खरं माहीत होतं, पण सासवांना आपल्या सुनेच्या बाबतीत उगीच शंका नको असते. तेवढं आईला शेवटपर्यंत लागलं. मी पुढे नर्स झाले, सगळी नोकरी माणसांना पट्ट्या बांधण्यात गेली. माझी गाठ ढिली म्हणून कधी कोणाची तक्रार आली नाही, आणि त्या प्रत्येक गाठीला मला आईच्या बोटातून घसरणारा तो दोरा दिसायचा.

त्या दिवशी शाखेबाहेर आलो तेव्हा सत्तव्वा आमच्यासाठी थांबली होती. तिने चाचपत आईचा हात शोधला, दोन्ही हातांत धरला आणि तिच्या बोटांवरून आपली थरथरणारी बोटं फिरवू लागली. तिचे डोळे भरून आले होते.

"सुमन, तुजा बी हात गेला की गं येवड्यात," ती म्हणाली. "पोरगी लहान हाय तुजी. मला कळतंय गं. कुनाला सांगणार न्हाय मी."

आई म्हणाली, "व्हय सत्तव्वा. नका सांगू."

म्हातारी काठी टेकत वळणापलीकडे जाईपर्यंत आई तशीच उभी होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, खालाकडे बघितलं, आणि भर रस्त्यात, रिकामी टोपली कमरेवर धरून, तोंड उघडून हसली.